दुसऱ्या दगडाचा धूप

अराद. जवस उपटणीचा महिना, चंद्रदर्शनानंतरचा दहावा दिवस

मरेमोथ,

सात वर्षं झाली तुला जाऊन आणि तुझं अक्षर तसंच आहे. ओळीच्या शेवटच्या अक्षराची शेपटी अजून खाली ओढतोस. आबा त्यावरून तुझे कान उपटायचे. काल यरुशलेमहून किल्लेदाराच्या नावाने शिक्क्याची चिठ्ठी आली, मी ती उलगडली आणि पहिल्याच ओळीत तू भेटलास. इतका आनंद झाला, की मजकूर वाचायचं जरा वेळ राहूनच गेलं.

किल्लेदाराची चिठ्ठी माझ्या हातात कशी, असं विचारशील. शमर्या किल्लेदाराला तलवार चालवता येते, वाचता येत नाही. त्याची पत्रं आबा बघतात, आणि आबांना दोन वर्षांपासून नीट दिसत नाही. हे किल्ल्यात सगळ्यांना ठाऊक आहे आणि तसं कुणी दाखवत नाही. आबा मांडीवर चिठ्ठी घेऊन बसतात, मी शेजारी पीठ चाळायचं नाटक करत हळू आवाजात वाचते, मग आबा खाकरून तेच मोठ्याने सांगतात. आबा तुला वाळूवर अक्षरं गिरवायला लावायचे तेव्हा मी बाजूला धूप कुटत बसलेली असायची. तुझ्याआधी मला आली अक्षरं. तू ते अजून कबूल करणार नाहीस.

काल आबा देवाच्या घरात पूजेला होते आणि किल्लेदार घाईत होता. काय लिहिलंय म्हणून त्याने विचारलं. मी म्हटलं, तेलाचे रांजण किती उरले ते विचारतायत. तो गेला. चिठ्ठी मी जवाच्या कोठीत तळाशी घातली आहे.

कारण तू लिहिलं आहेस की गव्हाच्या मापणीआधी अरादचं देवाचं घर मोडा, दगड फोडा, पडदा जाळा. यापुढे धूप जळेल तो फक्त यरुशलेममध्ये. राजाचा शब्द आहे, मान्य. पण हात तुझा आहे. 'फोडा' हे लिहिताना तुझी शेपटी कुठे अडखळली का ते मी उन्हात धरून बघितलं. नाही अडखळली.

हे ऐकून आबा जगणार नाहीत, असं मला वाटतं. उगाच भीती घालत नाही. त्यांना आता धड काही दिसत नाही, पण देवाच्या घरातली प्रत्येक पायरी त्यांच्या पायांना पाठ आहे. तेवढंच उरलं आहे त्यांच्याकडे. तुला एकच मागते. बंद करायचं तर करा, पण 'फोडा' हा शब्द काढून टाक. मी नुसता लिहिणारा, असं मला सांगू नकोस. गाढवं हाकणारा गेरा सांगतो की तू राजाच्या लेखकांत वरच्या पायरीवर बसतोस.

आणि लिहायला बसलेच आहे तर जन्मभर पोटात घेऊन फिरले ते विचारून टाकते. गाभाऱ्यात दोन उभे दगड आणि धुपाच्या दोन वेद्या म्हणतात; त्यातला दुसरा दगड कोणाचा रे?

तू गाभाऱ्यात डोकावला आहेस, मला पायरीसुद्धा चढायची नाही. पण धूप मी करते. मोठ्या वेदीचा लोबान आणि चरबी. लहान वेदीची भांगेच्या सुक्या तुऱ्यांची वडी, शेळीच्या वाळलेल्या लेंड्या कुटून त्यात मळलेली, म्हणजे ती भडकत नाही, सावकाश जळते. आईने शिकवलेलं प्रमाण, त्यात मी चिमूटभरही फरक केला नाही. एकोणीस वर्षं ज्याच्यासाठी हात हिरवे केले तो कोण, हे मला नको का कळायला? गेरा म्हणतो, एक दगड परमेश्वराचा आणि दुसरा त्याच्या बायकोचा, आणि वर डोळा मारतो. किल्लेदार म्हणतो, एकावर शपथ घ्यायची, दुसरा साक्षीला. किल्ल्यात पाणी आणणाऱ्या नळावरच्या पहारेकऱ्याची बायको तिर्सा आहे, तिला सहावा महिना आहे, ती म्हणते एक जाणाऱ्यांचा आणि एक येणाऱ्यांचा. माझा नवरा एदोमच्या वाटेवर जायच्या सकाळी तिथे नमस्कार करून गेला तो परत आला नाही, म्हणजे पहिल्या दगडाला असणार. आबांना विचारलं की दर वेळी वेगळं सांगतात. एकदा तर म्हणाले, एक दगड एकटा बरा दिसत नाही.

ही सात खापरं आहेत, फुटलेल्या रांजणाची. आकडे घातलेत, त्याच क्रमाने वाच. गेराने एखादं वाटेत फोडलं तर दोष त्याला दे.

अबीटल

अराद. जवाच्या कापणीचा महिना, सहावा दिवस

मरेमोथ,

तुझं उत्तर मिळालं. सात खापरांना चार ओळी.

तू लिहितोस, राजाची आज्ञा बदलत नाही. परमेश्वर एक, त्याचं घर एक. चिठ्ठी लपवणाऱ्याचं काय होतं ते तुला माहीत असावं. आणि दुसऱ्या दगडाचं तुझ्या बापाला विचार, त्या दगडापायी मी घर सोडलं.

माझा बाप म्हणे. तू काय रस्त्यावर सापडला होतास?

पण चौथ्या ओळीवर मी अडकले आहे. तू भांडून गेलास ते देवाच्या घरावरून, एवढंच मला ठाऊक होतं. त्या दिवशी मी वडी घेऊन दारात उभी होते. तू अंगणात आबांना विचारलंस, लहान वेदीवर धूप जाळता की नाही. आबा म्हणाले, जाळतो. तू म्हणालास, दुसऱ्या कुणापुढे जाळता. आबा गप्प. तू पाण्याची पखाल उचललीस आणि गेलास. मला वाटलं होतं, दोन दिवसांत भूक लागली की येशील परत.

तर चिठ्ठी मी कोठीतून काढली. तुझी धमकी पोचली म्हणून नव्हे. जव दळायला घ्यायचे दिवस आले, कोठी रिकामी होत चालली. किल्लेदाराला सगळं खरं वाचून दाखवलं, आधी खोटं बोलले तेही सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. मला रागवायचंही तो विसरला. म्हणाला, "अबीटल, फोडायचं कशाने?"

मला आधी कळेना. मग त्याने अंगणातल्या बळी द्यायच्या वेदीकडे बोट केलं. ती कशी रचली आहे तुला माहीत आहे. माती आणि रानातले दगड, जसे मिळाले तसे. एकाही दगडाला छिन्नी लागलेली नाही. लोखंड लागलं की वेदी विटाळली, हे आपण दूध पितानाच शिकतो. हातोडा लोखंडाचा. पहार लोखंडाची. आता तुम्ही यरुशलेममध्ये बसून लिहिता 'फोडा', आणि कशाने ते लिहीत नाही. किल्लेदाराचा आजा त्यातले निम्मे दगड ओढ्यातून वाहून आणणारा. तो म्हणाला, राजाने मान कापली तर निदान कळेल तरी, ह्या देवाने काय कापलं ते कळणारसुद्धा नाही.

मग आम्ही दोघांनी मिळून आबांना सांगितलं. मी वाचलं. तुझं अक्षर आहे हे सांगितलं नाही. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, चिठ्ठी मागितली, आणि ओळींच्या शेवटी बोट फिरवलं. शाई काही हाताला लागत नाही. तरी फिरवत राहिले. मग विचारलं, "बारीक आहे का गं तो?"

मी म्हटलं, अक्षरावरून कसं कळणार आबा. ते उठले, भिंत चाचपत देवाच्या घरात गेले आणि पडदा ओढून घेतला. किल्लेदाराला आतून सांगितलं की हातोडे आणायचे तर आण, आधी मी लागेन, मी काही रानातला दगड नव्हे, मला लोखंड चालतं.

आज दुसरा दिवस. आत पाणी नेलेलं नाही. शिपाई पडद्याला हात लावायला तयार नाहीत. अंगणात बायका जमल्या आहेत. तिर्सा विचारते, यरुशलेमचं मोठं घर खरंच असेल गं, पण तीन दिवसांची वाट आहे, मी हे पोट घेऊन तिथवर जायचं कसं? देव एक आहे म्हणतात ते मला पटतं, म्हणाली, पण एक असला म्हणून त्याने लांबच राहायला हवं का? तुझ्याजवळ उत्तर असेल तर पाठव, तिला हवं आहे.

आबांना काही झालं तर तुला कळवायला मी एक खापर कोरं ठेवलं आहे. ते लिहायची वेळ आणू नकोस माझ्यावर.

अबीटल

अराद. त्याच महिन्याचा आठवा दिवस

मेरू,

ते खापर लिहावं लागलं नाही. हे आधी वाच आणि मग बस. पुढचं उभ्याने वाचू नकोस.

मी आत गेले.

पाणी घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी आबांचा खोकला ऐकू येईनासा झाला आणि मी घागर उचलली. किल्लेदार म्हणाला, बाईने जायचं नाही. मी म्हटलं, मग तू जा. तो बाजूला झाला. अंगण ओलांडलं, दालन ओलांडलं, तीन पायऱ्या चढले. वीज पडेल म्हणून मान खाली घातली होती. काही पडलं नाही. पडदा इतका जुना झालाय की ठिगळांवर ठिगळं आहेत, आणि त्यातली तीन ठिगळं माझ्या हातची, बाहेर बसून लावलेली.

आबा आतल्या दोन वेद्यांतल्या मोठीला टेकून बसले होते. जिवंत होते. पाणी प्यायले, मग म्हणाले, तू इथे यायचं नाहीस. मी म्हटलं, आलेय खरी.

मग मी बघून घेतलं. पुन्हा कोण मला आत सोडणार? लहानशी जागा आहे रे, आपल्या धान्याच्या खोलीएवढीसुद्धा नाही. जन्मभर मी केवढी मोठी समजत होते. मागच्या भिंतीशी तो दगड, माझ्या छातीपर्यंत येईल एवढा, गुळगुळीत, त्यावर तांबडा रंग, खाली विटलेला. पुढे पायरीवर दोन वेद्या, एक कमरेएवढी, एक तिच्याहून बुटकी. बुटकीच्या वाटीत माझ्या मागच्या वडीची राख होती. मी ती ओळखली.

दुसरा दगड कुठेच नव्हता.

मी सगळीकडे पाहिलं. लहान वेदीच्या समोर नुसती भिंत होती, चुन्याने लिंपलेली. बाकीच्या भिंतींपेक्षा तिथला चुना जरा फुगीर. मी आबांना विचारलं की दुसरा दगड तुम्ही लपवलात का, राजाची माणसं यायच्या आधी. ते हसले. म्हणाले, लपवला, पण एकोणीस वर्षांपूर्वी.

मेरू, आई गेली त्या दिवशी दुपारी. तू पाच वर्षांचा होतास, तुला शिपायांच्या खोलीत नेऊन ठेवलं होतं. बाळ आडवं आलं होतं. आईने दर चंद्रदर्शनाला स्वतःच्या हाताने त्या दगडासाठी वडी केली होती. आबांच्या वडिलांनी सांगितलेलं असं होतं की तो 'तिचा' दगड, परमेश्वराच्या शेजारी उभी असणारीचा, बाळंतिणीला हात देणारीचा. आबांनी त्या दिवशी तिथे तीनदा धूप घातला. तिसऱ्यांदा बाहेर आले तेव्हा आई गेलेली होती आणि बाळही. आबा पाण्याची टाकी लिंपायला कालवलेला चुना उचलून आत गेले आणि आपल्या हातांनी तो दगड भिंतीत गाडून टाकला. राजाने सांगितलं म्हणून नव्हे, कुणा शहाण्याने समजावलं म्हणून नव्हे. रागाने. मला म्हणाले, "बोलावलं तेव्हा आली नाही ती. मग तिथे उभी कशाला राहू दिली असती?"

म्हणजे तुम्ही जे यरुशलेममध्ये एवढ्या चर्चा करून आता ठरवलंत, ते आपल्या बापाने एकट्याने एका दुपारी केलं होतं. अरादच्या घरात एकोणीस वर्षं एकच दगड आहे. तू पडद्याआडून डोकावलास तेव्हा धुरात दोन वेद्या दिसल्या, दोघींवर निखारे दिसले, आणि दोन दगड तू मनाने उभे केलेस. तुला दोष देत नाही. आम्हीही सगळे तेच करत होतो, आत न जाता.

मग मी विचारलं की लहान वेदीवर धूप कोणापुढे जाळत होता.

"भिंतीपुढे," आबा म्हणाले.

मला राग आला, खरं सांगते. एकोणीस वर्षं मी लेंड्या कुटल्या, वेचल्या, चाळल्या. हाताला वास येतो म्हणून नवरा चिडवायचा. आणि हे भिंतीपुढे. मी तसं बोलले त्यांना. मग त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण त्यातलं निम्मं तुझं आहे.

आई गेल्यानंतरच्या चंद्रदर्शनाला मी वडी घेऊन दारात उभी राहिले होते. बारा वर्षांची. कुणी सांगितलं नव्हतं. आईचं प्रमाण, आईसारखी अंगठ्याने मध्ये दाबलेली वडी. आबांनी ठरवलं होतं की मला सांगायचं, आता ह्याची गरज नाही. तोंड उघडलं आणि माझे हिरवे हात दिसले. त्यांनी वडी घेतली, आत नेली, पेटवली. ते बाहेर आल्यावर मी विचारलं, आबा, धूर सरळ गेला का? ते म्हणाले, सरळ गेला. मग पुढच्या महिन्याला मी पुन्हा आले. मग त्याच्या पुढच्या.

आठवतं, मी दर वेळी विचारायचे? तू नक्कल करायचास माझी.

मी म्हटलं, मग मेरूने विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत? तो ह्याच एका गोष्टीवरून गेला ना घर सोडून? तुम्ही एक शब्द बोलला असतात तर तो राहिला असता.

"तू दारात उभी होतीस," आबा म्हणाले. "वडी घेऊन."

तुला कळलं का मेरू? तुला खरं सांगायचं तर मला सांगावं लागलं असतं. त्यांनी तुला जाऊ दिलं. एकीच्या हातच्या वडीसाठी एक मुलगा घालवला. हे बरोबर केलं की चूक, ते मला ठरवता येत नाही. मी तिथेच पायरीवर बसून रडले, ज्या पायरीवर मी बसायचंच नाही. ते माझं डोकं चाचपत म्हणाले, पुरे, इथे पाणी सांडायला मनाई आहे.

गेरा हे तुझ्या हातात देईन म्हणतो. त्याला मी सांगितलंय की दारवानाकडे टाकून येशील तर पुन्हा किल्ल्यात भाकरी मिळणार नाही.

तुझी बहीण, अबीटल

अराद. गव्हाच्या कापणीचा महिना, दुसरा दिवस

मेरू,

उत्तर नाही. गेराने शेवटी दारवानाकडेच टाकलं, तू कामात होतास म्हणे. तुझ्या हातात पोचलं की त्या दारवानाच्या चुलीखाली गेलं, देव जाणे. गेराला भाकरी बंद आहे.

तुझ्या ऐवजी शिक्क्याची दुसरी चिठ्ठी आली. मापणीच्या महिन्यात तपासनीस येणार, हातोडेवाले घेऊन, काम झालं नसेल तर करून जाणार. नाव नाही लिहिलेलं. अक्षर ह्या खेपेला तुझं नाही.

इथे काय झालं ते कळवते. पाणी पिऊन आबा आपणहून बाहेर आले. किल्लेदाराला म्हणाले, तुला लोखंड लावता येत नाही आणि तुझ्या राजाला दगड उभे चालत नाहीत. मग निजवू या. माणूस थकला की आपण काय करतो? फोडतो का? किल्लेदाराने जरा विचार केला. चिठ्ठीत 'मोडा, फोडा' आहे, हे त्याला मी तीनदा वाचून दाखवलं, कारण पुढे मान त्याची जाणार. तो म्हणाला, घर तर उरणार नाही ना? मग मला पुरे. तपासनिसाला काय वाटेल ते त्याचं त्याला.

लोकरीचे दोर आणले, लाकडी पहारी केल्या. तांबडा दगड चार जणांनी हळूहळू आडवा केला. वेद्या आबांनी स्वतः कुशीवर निजवल्या, पायरीवरच, आणि त्यांच्या वाट्यांतली राख काढू दिली नाही. लिंपलेल्या भिंतीला कुणी हात लावला नाही. पडदा जाळायला हवा होता. तो मी घरी आणला आहे, हे तुला लिहिते आणि दुसऱ्या कुणाला लिहीत नाही. मग छप्पर उतरवून, अंगणातल्या वेदीसकट सगळ्यावर टोपल्यांनी माती. तीन दिवस माती. बायकांनीही टाकली. तिर्साला मी नको म्हटलं, तर तिने एक मूठ तरी टाकलीच. वर चुनखडी पसरून चोपून घेतलं. आता तिथे अंगण आहे. कोंबड्या फिरतात.

आबा रोज सकाळी उठून तिथवर जातात, पावलं मोजत, आणि जिथे पायऱ्या सुरू व्हायच्या तिथे पाय उचलतात. पायरी नाही, पाय तसाच खाली येतो. मला बघवत नाही.

आता सगळं त्या तपासनिसावर आहे. त्याने खणून दगड फोडले तर आबा ते दुसऱ्यांदा सोसणार नाहीत. कुणाला पाठवणार ते ठरवणं तुझ्या हातात असेल, तर लोखंड बाहेर ठेवणारा माणूस पाठव.

अबीटल

अराद. मापणीचा महिना, बारावा दिवस

मेरू,

तू जाऊन चार दिवस झाले आणि मी लिहायला बसले, कारण तू होतास तेव्हा मी काही बोललेच नाही.

तुला वाटलं असेल, मी ओळखलं नाही. वेशीतून गाढवावर एक दाढीवाला शिरला, मागे दोन हातोडेवाले, तेव्हा खरंच नाही ओळखलं. तू उतरलास आणि अंगणाच्या कडेला पोचल्यावर मागे वळून त्या दोघांना म्हणालास, "लोखंड बाहेर ठेवा," तेव्हा ओळखलं. खापरं पोचली होती. माझा जीव भांड्यात पडला, आणि मग लगेच वर आला, कारण तू लाकडी फावडं मागितलंस.

किल्लेदार पुढे पुढे करत होता, त्याच्याकडे बघितलंही नाहीस. वेशीपासून पावलं मोजलीस, मागची भिंत असायची तिथपर्यंत गेलास आणि खणायला लागलास. मी आबांना टाकीपाशी बसवलं होतं. त्यांनी विचारलं, कोण खणतंय. मी म्हटलं, यरुशलेमचा माणूस. फावड्याचा आवाज ते कान देऊन ऐकत होते. म्हणाले, हा सवयीचा नाही, लेखक दिसतो.

तू कंबरेएवढा खड्डा केलास. बरोबर लहान वेदीच्या समोरच्या भिंतीशी. निजलेल्या वेदीला फावडं लागलं नाही, ते मी बघत होते. मग खाली बसून नखाने चुना खरवडलास. बराच वेळ. आत काळा गारेचा दगड दिसला असेल, हातभर, जुन्या चुन्यात घट्ट बसलेला. तो चुना काल-परवाचा नाही हे माझ्यापेक्षा तुला जास्त कळलं असणार. मला वाटलं होतं तू रडशील, मी कशाला खोटं सांगू. तू तिथे हात ठेवून बसलास आणि तुझी पाठ तेवढी दिसत होती. मग सगळी माती हाताने परत लोटलीस. फावड्याने नाही. हातोडेवाल्यांना म्हणालास, काम झालेलं आहे, गाढवांना पाणी पाजा.

नंतर आबांच्या समोर येऊन उभा राहिलास. त्यांनी हात वर करून तुझा चेहरा चाचपला, मग दंड, मग पुन्हा दंड.

"बारीकच आहेस," म्हणाले.

तू म्हणालास, "मला सांगायचं होतंत, आबा."

"आता सांगितलं तिने," आबा म्हणाले, आणि तुझ्यासाठी बाजूला सरकले. तू बसलास. तिथे मी काही थांबले नाही. भाकऱ्या करायच्या होत्या. इतकी चांगली भाकरी माझ्या हातून बऱ्याच दिवसांत झाली नव्हती, आणि तू दोनच खाल्ल्यास.

तू गेल्यापासून आबा अंगणात पावलं मोजायला जात नाहीत. टाकीपाशी बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की माझ्या मुलाला फावडं धरता येत नाही. तिर्साला मुलगी झाली, सुखरूप. आडवी आली नाही. तिने मला विचारलं, आता नमस्कार कुठे करू? मी तिला अंगणातली ती जागा दाखवली नाही, आणि दाखवायला नको होती असंही म्हणणार नाही. तिने आपणच तिथे जाऊन मुलीला जरा वेळ जमिनीवर ठेवलं. किल्लेदार दुसरीकडे बघत होता.

तर मुख्य गोष्ट. निघताना मी तुझ्या हातात फडक्याची पुरचुंडी दिली, तू न उघडता कंबरेला खोचलीस. त्यात वडी आहे. गेल्या चंद्रदर्शनासाठी केलेली, आईच्या प्रमाणाची, मध्ये अंगठा दाबलेली. इथे जाळायला आता वेदी नाही, आणि मला ती फेकवेना. तुमच्या त्या मोठ्या घरात लहान वेदी नाही म्हणतात आणि असल्या धुपाला मनाई आहे म्हणतात. तू मनाई लिहिणाराच आहेस, तुला मी काय सांगू. पण तू ती फेकली नसशील, एवढं मला कळतं.

मग कुठे लावलीस? चुलीत? खिडकीत? कोणापुढे, हे मी विचारणार नाही. इतकी वर्षं तेच विचारलं, आता पुरे झालं.

धूर सरळ गेला का, एवढं कळव.

तुझी अबीटल